बट्टा

मदुराईच्या पेठेतून सत्त्याण्णव साली आणलेला
काळा गेमचा डबा
विट्याच्या नव्या घरात त्रेचाळीस इंची टीव्हीला जोडला,
तर चित्र आलं भिजलेल्या पापडासारखं,
कडा सुटलेलं, आडवं ताणलेलं.
शिरस्त्राणवाला पोरगा फुगून बेडूक झालेला.
उडीचं बटण दाबलं की
जरा विचार करून मग उडायचा.

दादांना म्हटलं, दोष वायरीचा आहे.
ही पिवळी एकटीच. हिच्यातून
लाल, हिरवा, निळा आणि उजेड
एसटीच्या एकाच दारातून उतरल्यासारखे येतात,
ह्याचा पाय त्याच्या चपलेत.
"मग येगळं काड की," दादा म्हणाले.
तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं?
सोनारांच्या दुकानातली झाडलोट, भट्टीची राख,
मोडीतली फुलं, जोडवी, तुटक्या साखळ्या,
सगळं तेजाबात उकळून
सोनं एकीकडे, बाकी एकीकडे.
नाकाला आता वास कळत नाही.
फोडणी करपली की मला सांगावं लागतं.

पाठीचे चार स्क्रू. एक गंजलेला, तो रडवून निघाला.
आत मदुराईची धूळ, एक मुंगळा वाळलेला,
आणि पोटं फुगलेले दोन कपॅसिटर.
ते बदलले.
मग चिपच्या तीन पायांना
केसाएवढ्या तीन वायरी, डाक देऊन.
भिंग दादांनी धरलं.
हात थरथरला तो माझा.

पुण्याहून पेटी मागवली होती,
प्रत्येक ठिपका मोजून त्याचा पाचपट करणारी.
टीव्हीची सगळी हुशारी बंद केली,
चित्राला त्याचा चौकोन परत दिला,
दोन्ही बाजूंना काळोख राहिला तर राहू दे म्हटलं.

आणि विळ्यानं कापल्यासारखं चित्र उठलं.
वीट न् वीट मोजून घ्यावी.
उडीचं बटण आणि उडी, मध्ये फट नाही.
फक्त त्या पोराला तोंड नव्हतं.
गालाशी एक गडद ठिपका, बस्स.
आम्ही दोघं शपथेवर सांगायचो की तो हसतो.

तिसऱ्या मजलीला धबधबा यायचा,
आरपार दिसणारा, मागचा डोंगर हलवणारा.
तिथं आता गज होते.
एक निळा, एक मोकळा, एक निळा, एक मोकळा,
तहसील कचेरीच्या खिडकीसारखे.
ज्यानं काढला त्यानं उभ्या रेघाच मारल्या होत्या,
पाणी त्या पिवळ्या वायरीनं केलं होतं.

मी गप्प.
दादा चष्मा पुसत म्हणाले,
"शंभर टंच काडलंस न्हवं? मग असंच व्हनार.
शंभर टंचाची बांगडी हातात ऱ्हात न्हाई, पमे,
वाकतीया.
तांब्याचा बट्टा लागतोय."

पेटीच्या यादीत शोधून
दर दोन ओळींत सुताएवढी काळी ओळ घातली.
पोराच्या गालाला थोडा जीव आला.
गज गजच राहिले.

साडेनऊला धैर्यशीलचा व्हिडिओ कॉल.
मागं विझत आलेली भट्टी, त्याच्या पांढऱ्या मिशा.
(मिशा कधी पांढऱ्या झाल्या?)
फोन टीव्हीसमोर धरला.
आमच्या गल्लीत रेंज खिडकीपाशीच,
तीही अर्धी.
चित्र त्याच्याकडे फाटत, विरघळत, अडखळत पोचलं असणार,
कारण तो ओरडला,
"पमे! पाणी बघ, पाणी! तसंच पडतंय!"
दादांनी माझ्याकडे पाहिलं.
मी काही बोलले नाही.

"पाण्याच्या मागं जा," तो म्हणाला,
"उजवीकडं. तिथं एक जीव ठेवलाय.
तुला कधी सांगितलं नव्हतं.
मी एकटाच घ्यायचो."

गजांतून आत शिरले.
होता.